विरोधात : एक

सोमवार, ४ मार्च

खुर्चीत टेकते न टेकते तोच फोन. ‘साहेब आहेत का?’ नाहीत. खासदार साहेब कधीच नसतात. ‘मग तुम्ही कोण?’ मी कोण! अकरा वर्षं झाली, मी साहेबांचा भाड्याने घेतलेला कान आहे. असं म्हणाले नाही अर्थात. ‘बोला, मी लिहून घेते,’ म्हटलं.

दिल्लीत नवा कायदा येतोय, डायलिसिस केंद्रांचा. मसुदा जाहीर झाला. बावीस तारखेपर्यंत नागरिकांनी आपापल्या खासदाराच्या कार्यालयात फोन करून मत नोंदवायचं. म्हणजे माझ्याकडे, नाहीतर पलीकडच्या टेबलावरच्या शेजारणीकडे. आणि काय ती मतं! एक गृहस्थ म्हणाले, कायदा हवाच, नाहीतर त्यांच्या गल्लीतली कुत्री आवरणार कोण? मी म्हटलं, कायदा किडनीच्या रुग्णांचा आहे. ते म्हणाले, ‘असू दे ना, तरी हवा.’ दुसऱ्यांनी आधी मलाच विचारलं, डायलिसिस म्हणजे काय? मी समजावून सांगितलं, रक्त नळीतून बाहेर काढतात, यंत्रातून गाळतात, परत आत सोडतात. ‘ईऽ’ म्हणाले. आणि लगेच, ‘माझा पाठिंबा लिहा.’ तिसऱ्यांनी मसुदा वाचला नव्हता. सरकार करतंय म्हणजे विचार करूनच करत असेल, असं त्यांचं म्हणणं. वाचायला वेळ कुणाला आहे!

सगळं जसंच्या तसं लिहून घ्यायचं, हा आमच्या सचिवांचा दंडक. ‘शब्द बदलायचे नाहीत, गाळायचे नाहीत, सुधारायचे नाहीत. लोकांचे शब्द म्हणजे लोकांचे शब्द.’ सचिवांना मी मनातल्या मनात चाळणी म्हणते, कारण वर साहेबांकडे जे काही जातं ते त्यांच्यातून गळून जातं. माणूस कोरडा ठणठणीत. पण हा एक नियम मला आवडतो. निदान कुत्रीवाल्याचीसुद्धा कुत्री शाबूत राहतात.

मसुद्यात एक कलम आहे. पाचपेक्षा कमी यंत्रं असलेली केंद्रं बंद. दादाच्या केंद्रात दोन आहेत.

मंगळवार, ५ मार्च

आज दादाचा दिवस. सकाळी स्कूटरवर मागे बसवून नेला.

दादा माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. वहिनी गेल्यावर माझ्याकडे राहायला आला तो एक पेटी, एक कॅमेरा आणि दोन निकामी किडन्या घेऊन. त्याचा फोटो स्टुडिओ होता. आयुष्यभर लोकांना ‘हसा’ म्हणत आला, स्वतः कधी फारसा हसला नाही, बोलला तर त्याहून कमी. मंगळवार, गुरुवार, शनिवार केंद्रात जातो. दिवसाला मोजून एक बाटली पाणी, अर्धा कप चहा. त्यातलाही घोट तो असा तोंडात धरून बसतो की मला माझा चहा घशाखाली उतरत नाही.

केंद्र टायरच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर. जिन्यापासूनच रबराचा वास. एक खोली, दोन यंत्रं, दोन खुर्च्या. एकीचं रेक्झिन फाटलंय, त्याला चिकटपट्टी. पण माझ्या ऑफिसापासून दोन गल्ल्या! हे केंद्र मीच शोधलं. मला केवढा अभिमान आहे त्याचा. यानंतरचं जवळचं म्हणजे मोठ्या शहरातलं रुग्णालय. बसनं चार तास जायला, चार तास यायला, आठवड्यातून तीनदा. माणसानं जगायचं कधी?

केंद्र चालवणारा तंत्रज्ञ, मी त्याला नळीवाला म्हणते, चांगला मुलगा आहे. चाळिशीचा असेल, पण मला मुलगाच वाटतो. दादाला सुई टोचून झाल्यावर जिन्यात येऊन म्हणाला, ‘ताई, आमचं कसं व्हायचं? तुम्ही आतल्या आहात. काहीतरी करा. आमच्या लोकांना चार माणसांत बोलता येत नाही हो.’

मी आतली! साहेबांनी मला अकरा वर्षांत एकदा नावानं हाक मारली, तीही शेजारणीच्या नावानं. पण काय सांगू, बरं वाटलं ऐकून. बघते म्हणाले.

बुधवार, ६ मार्च

एका बाईंनी फोन केला. होल्डवर जे संगीत वाजतं ते फार छान आहे, ते बदलू नका. एवढंच त्यांचं मत. जसंच्या तसं लिहिलं.

गुरुवार, ७ मार्च

डोकं उठलंय नुसतं. कायदा ज्यांच्या गळ्याशी आलाय ते बोलत नाहीत आणि ज्यांना सोयरसुतक नाही ते तास तास बोलतात.

आज दुपारी चष्मेवाल्या बाईंचा फोन आला. दादाच्या शेजारच्या खुर्चीवर असतात त्या. जाड भिंगांचा चष्मा, स्वभावानं लोण्याचा गोळा. मी मनात म्हटलं, चला, कुणीतरी तोंड उघडलं! तर काय— ‘ते आमचं ते... म्हणजे यंत्रं दोनच आहेत ना... तर ते म्हणजे...’ मला असले अर्धवट लटकलेले शब्द ऐकवत नाहीत. कुणी अडखळलं की माझी जीभ पुढे धावते, लहानपणापासूनची खोड. मी म्हटलं, ‘तुम्हाला म्हणायचंय की लहान केंद्रं बंद झाली तर तुमच्यासारख्यांनी जायचं कुठे?’ त्या म्हणाल्या, ‘हो हो, तसंच.’ आणि ठेवला फोन.

आता नियमानं मी लिहायचं काय? त्यांचे स्वतःचे शब्द म्हणजे ‘हो हो, तसंच’. हे जाणार वर! कपाळावर हात मारून घेतला.

संध्याकाळी घरी बसले आणि एक वाक्य तयार केलं. चार-पाच वेळा खोडलं. मग जमलं:

‘लहान केंद्र हाच आम्हा रुग्णांचा एकमेव आधार असून ते बंद करणे म्हणजे आम्हांला घरी बसून मरायला सांगणे आहे, म्हणून या कायद्याला माझा ठाम विरोध आहे.’

दादाला वाचून दाखवलं. तो खिडकीशी बर्फाचा खडा चोखत बसला होता.

‘‘असून’ कोण बोलतं गं फोनवर?’

‘वजन यायला लागतं.’

‘छापल्यासारखं वाटतंय.’

‘चांगलं आहे की नाही ते सांग.’

‘तुला जमतं असलं,’ म्हणाला. मी ते शाबासकी समजून चालले.

शनिवार, ९ मार्च

केंद्रात आज शाळा भरवली. नळीवाल्यानं वाक्य सगळ्यांना दिलं होतं, मी म्हणून घेतलं. हमालदादा (हे आधी बाजारात पोती उचलायचे, आता जिना चढताना दोनदा थांबतात) ‘एकमेव आधार’पाशी रोज अडणार असं दिसतंय. एक तरुण बाई आहे, पोरीला शाळेत सोडून येते, तिनं पहिल्या झटक्यात म्हटलं. चष्मेवाल्या बाई हसत राहिल्या. ‘मी म्हणते, मला येईल,’ म्हणाल्या, पण म्हटलं मात्र नाही. बरं दिसत नव्हतं त्यांना. चेहरा उतरलेला.

दादा डोळे मिटून पडला होता. मध्येच म्हणाला, ‘सगळ्यांनी एकच बोलायचं?’

‘एका सुरात बोललं की दम वाटतो,’ मी म्हटलं. नळीवाल्यानं मान डोलावली.

परत येताना स्कूटरवर मागून त्याचा आवाज आला, ‘मी काय म्हणत होतो, एकदा त्या मोठ्या रुग्णालयात जाऊन—’

‘बसनं? चार तास? तुझ्या पाठीचा भुगा होईल! काही नको. मी आहे ना, होऊ देणार नाही मी हे बंद.’

‘बरं.’

घरी आल्यावर मोरीत कोपरापर्यंत हात घासत बसला किती वेळ. म्हटलं, काय चाललंय? म्हणाला, रबराचा वास जात नाही. त्या जिन्याला खरंच भयंकर वास येतो.

सोमवार, ११ मार्च

फोनच फोन! रुग्ण, त्यांची मुलं, सुना, जावई, घरमालकसुद्धा. ‘लहान केंद्र हाच आम्हा रुग्णांचा...’ मी लिहिते आहे, लिहिते आहे. हमालदादा ‘एकमेव’ला अडले, मी श्वास रोखून धरला, मग सुटले एकदाचे! टाळी वाजवावीशी वाटली. तोंड मात्र सुतकी ठेवलं, चाळणी समोरून फिरत होते.

इतकी वर्षं लोकांचं कण्हणं-कुंथणं ऐकून मला माणसांचा वीट आला होता. आज पहिल्यांदा वाटलं, नोकरीचा काही उपयोग झाला.

बुधवार, १३ मार्च

शेजारीण म्हणाली, ‘काय गं, सगळे एकाच वर्गातले आहेत का? मलाही तेच, तुलाही तेच.’ मी म्हटलं, एकी झालीय लोकांची. तिनं माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मग आपलं बिस्किट चहात बुडवलं. ही बाई कधी कुणाचं नाव सांगणार नाही, तेवढं एक आहे.

शुक्रवार, १५ मार्च

शिसारी आली.

दर शुक्रवारी गोषवारा फळ्यावर लागतो. मी सहसा बघतसुद्धा नाही. आज मुद्दाम गेले, छाती पुढे काढून. बाजूने, चव्वेचाळीस. विरोधात, एक.

एक!

मला वाटलं पुढचा आकडा लिहायचा राहिला. चाळणींच्या खोलीत गेले. ते पेनाचं टोपण दातात धरून बसले होते.

‘सर, विरोधात एक लिहिलंय.’

‘बरोबर आहे.’

‘पण मीच एकटीनं कितीतरी घेतलेत! शेजारी बसते तिनंही घेतलेत.’

‘घेतलेत ना. सगळे एका साच्यातले.’ टोपण काढलं, पुसलं. ‘एक साचा म्हणजे एक मोहीम. मोहीम म्हणजे एक मत. कुणीतरी बसून लिहून दिलं, बाकीच्यांनी म्हटलं. ज्यानं लिहिलं त्याचं मत धरतो आपण.’

‘असा नियम आहे?’

‘पहिल्यापासून आहे. म्हणून तर शब्द जसेच्या तसे घ्यायला सांगतो. नाहीतर साचा कळणार कसा?’

अकरा वर्षं! अकरा वर्षं मी समजत होते की लोकांच्या शब्दांची बूज राखायची म्हणून हा नियम. आणि तो आहे त्यांना चाळून फेकायला. आणि ते चव्वेचाळीस कोण? त्यात तो कुत्रीवाला आहे! तो स्वतःच्या अकलेनं बरळला म्हणून तो एक पूर्ण माणूस. ‘ईऽ’ म्हणणारा एक पूर्ण माणूस. आणि ज्यांचं रक्त आठवड्यातून तीनदा नळीतून फिरतं ते सगळे मिळून एक. ते एक मत कुणाचं? माझं. मी लिहिलेलं. मीच त्यांचा गळा दाबला, आणि वर टाळी वाजवायला निघाले होते.

चाळणींची किळस येते म्हणावं तर निदान ते आपला नियम पाळताहेत. माझी मलाच जास्त येते.

बाहेर आले तेव्हा ते मागून म्हणाले, ‘स्वतःच्या शब्दांत बोलायला सांगा लोकांना. बावीसपर्यंत वेळ आहे.’ कुणाला सांगायचं ते विचारलं नाही त्यांनी. म्हणजे सगळं माहीत आहे मेल्याला.

शनिवार, १६ मार्च

केंद्रात जाऊन सांगितलं.

हमालदादा कधी रागावत नाहीत, पण आज म्हणाले, ‘बाई, पाठ करता करता जीव गेला माझा. आता म्हणता विसरा?’ तरुण बाई म्हणाली, ‘स्वतःचं म्हणजे काय बोलायचं पण?’

‘जे वाटतं ते.’

‘जे वाटतं ते सगळं?’ असं म्हणून तिनं नळीवाल्याकडे पाहिलं. नळीवाला यंत्राची बटणं पुसत होता. ‘बोला की, काय भीती आहे,’ म्हणाला, पण वर बघून नाही.

चष्मेवाल्या बाई नव्हत्या. त्यांच्या खुर्चीवर दुसरेच कुणी होते. लेकीकडे गेल्यात म्हणे चार दिवस. मला हसू आलं, डायलिसिसचा माणूस चार दिवस कुठे जाणार? पण विचारलं नाही. असेल लेकीच्या गावात सोय. दादा भिंतीकडे बघत होता.

सोमवार, १८ मार्च

आज मी ठरवलंच होतं, जिभेला लगाम. कितीही अडखळू दे, मध्ये बोलायचं नाही. जमलं बरंचसं.

हमालदादा: ‘पोतं उचलायचो तेव्हा अख्खा बाजार माझा होता. आता एक खुर्ची आहे, तीपण चार तासांपुरती. तेवढी राहू द्या म्हणावं.’ मी लिहिलं आणि डोळे पुसले. कुठे माझं ‘एकमेव आधार असून’ आणि कुठे हे!

तरुण बाई: ‘बसनं गेले तर पोरीला शाळेतून आणणार कोण? आणि नाही गेले तर ती कुणाकडे राहणार? दोन्हीचं उत्तर साहेबांना माहीत असेल तर कळवा.’ शाब्बास!

मग चारच्या सुमारास एका बाईचा फोन. आवाज अनोळखी. ‘खरं बोललं तर चालेल का?’

‘तेच हवंय,’ मी म्हटलं.

‘कायदा झालाच पाहिजे. माझी आई तुमच्या त्या टायरच्या दुकानावरच्या केंद्रात जायची. जाड चष्मा होता तिला. माझ्याकडे आलीय असं सांगत असतील ना तिथे? ती रुग्णालयात आहे. कावीळ. रक्तातून लागणारी. आधी तिला नव्हती, तपासण्या आहेत आमच्याकडे. त्याच यंत्रावर काविळीचा एक माणूस बसत होता. यंत्रं दोन. त्याला वेगळं यंत्र देणार कुठून? आईनं फोन केला होता हो तुमच्या ऑफिसात. हेच सांगायला केला होता. तिला कुणी बोलू दिलं नाही.’

मी लिहून घेतलं. सगळं. ‘कुणी बोलू दिलं नाही’ हेसुद्धा लिहिलं. तिला सांगितलं नाही की बोलू न देणारी ती मीच.

घरी येऊन जेवले नाही.

मंगळवार, १९ मार्च

नेऊ नये म्हटलं तर काय करू? आज चुकवलं की उद्यापर्यंत दादाच्या छातीत पाणी. नेला. सुई टोचेपर्यंत तिथेच उभी राहिले, नळीवाल्याच्या हातांकडे बघत. हातमोजे नवे होते. माझ्यासाठी नवे काढले का रोज नवे असतात?

जिन्यात गाठला. म्हटलं, चष्मेवाल्या बाईंना कावीळ कुठून झाली?

‘ताई, काविळीला हजार कारणं असतात.’ औषधाचा कॅन दाखवला, नोंदींची वही दाखवली, हात जोडले. ‘प्रत्येक खेपेला धुतो मी यंत्र. दोन यंत्रांत बारा माणसं सांभाळतोय. कुणाला घ्यायचं आणि कुणाला दारातून परत पाठवायचं, तुम्ही सांगा. तो काविळीचा माणूस आला होता तेव्हा त्याला श्वास घेता येत नव्हता. परत पाठवू?’

मी वही त्याला परत दिली.

मग तोच हळू आवाजात म्हणाला, ‘आणि बंद झालं तर तुमच्या दादाचं काय?’

मला त्या क्षणी त्याची इतकी शिसारी आली की जिन्यावरून ढकलावंसं वाटलं. पण तो खोटं बोलत नव्हता. आणि मला काय हवं होतं? त्यानं ‘असं काही नाही’ म्हणावं एवढंच हवं होतं. अर्धवट का होईना, म्हणाला तो. मी ते घेतलं. हजार कारणं असतात. असतातच.

संध्याकाळी दादा स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभा राहिला. ‘तुझ्याशी जरा बोलायचं होतं. त्या केंद्राचं—’

‘मला माहीत आहे तुला काय म्हणायचंय. काळजी करू नकोस. या वेळी लोक छान बोलताहेत, स्वतःचं. शुक्रवारी बघ गोषवारा.’

मग म्हणाला, ‘तुला माहीत आहे म्हणजे झालंच.’

खरं सांगू का? मला माहीत नव्हतं. मला ऐकायचं नव्हतं. लिहून ठेवते इथे, दुसरीकडे कुठे लिहिणार.

बुधवार, २० मार्च

कुत्रीवाल्याचा पुन्हा फोन. कायदा झाला का विचारत होता.

गुरुवार, २१ मार्च

उद्या शेवटचा दिवस. चाळणींनी आज गोषवाऱ्याचा कच्चा आकडा दाखवला. विरोधात एकोणीस. वर म्हणाले, ‘बघा, स्वतःचं बोलले की मोजले जातात.’ जणू काही त्यांनीच प्रसाद वाटला. एकोणीस माणसं! आनंद व्हायला हवा होता. प्रत्येकाच्या आवाजात मी तेवढंच शोधत होते, हा काविळीचं बोलेल का, हा बोलेल का. एक जण बोलायला लागलाच होता. ‘तिथे जरा स्वच्छतेचं—’ आणि माझ्या तोंडून गेलं, ‘पण बंद व्हावं असं नाही ना वाटत?’ ‘नाही, तसं नाही,’ म्हणाला बिचारा. विरोधात लिहिला. एकोणिसातला एक तो.

म्हणजे लगाम तीनच दिवस टिकला. काय माणूस आहे मी! चाळणी ती काय, मी तर नुसतं झाकण आहे.

दादाला दुपारी आणायला गेले तर तो आधीच निघून गेला होता. घरी उशिरा आला. चालत आलो म्हणाला. चार तास यंत्रावर बसून चालत? ओरडले त्याला. ऐकून घेतलं त्यानं. दंडावर कापसाचा बोळा होता, पण नेहमीच्या नाही, दुसऱ्या हातावर. विचारलं नाही. थकला होता, झोपू दिलं.

नळीवाल्यानं निरोप दिला होता, दादानं अजून फोन केला नाही, तेवढा करायला सांगा. मी म्हटलं, त्याचं मत आमच्या घरचंच आहे, त्यात काय विचारायचं.

शुक्रवार, २२ मार्च

वेळ संपायला थोडाच अवकाश होता, तेव्हा फोन वाजला. ‘मत नोंदवायचं आहे,’ म्हणाला. आवाज पहिल्या शब्दाला ओळखला. मी बोलायला तोंड उघडलं. ‘मॅडम, मध्ये बोलू नका, एवढी विनंती आहे. घरी दोन-तीनदा सांगून पाहिलं, तिथे जमलं नाही. कायदा व्हावा. माझ्या शेजारच्या खुर्चीवरच्या बाईंना कावीळ झाली. यंत्रं अदलूनबदलून मिळतात, त्यांच्या यंत्रावर मीही बसत होतो. काल तपासून आलो. आज कळलं, मलाही आहे. चार तास बसनं जायला माझी ना नाही. तेव्हाच विचारलं असतं तर तेव्हाही ना म्हटलं नसतं. एवढंच.’

हात लिहीत होता. नियमानं शेवटी पत्ता विचारावा लागतो. विचारला.

‘तुझाच,’ दादा म्हणाला.